गुर्जर : शेजाऱ्यांनी दिलेले नाव

मराठी भाषेच्या उत्पत्तीचा प्रश्न शिकवताना 'कुवलयमाला' या ग्रंथाचे नाव आपण सारेच घेतो. अठरा देशींच्या व्यापाऱ्यांचे आणि त्यांच्या बोलींचे वर्णन, त्यात मरहट्ट व्यापारी, आणि 'दिले', 'घेतले' या अर्थाची त्याच्या तोंडची 'ल'कारयुक्त रूपे. एवढे फळ्यावर लिहिले की विद्यार्थी वहीत उतरवून घेतात आणि तास पुढे सरकतो. मीही कित्येक वर्षे असेच शिकवले. हा ग्रंथ कोठे, कोणाच्या राज्यात लिहिला गेला, हा प्रश्न वर्गात कोणी विचारला नाही आणि मलाही तो विचारावासा वाटला नाही. उत्तर ठाऊक झाले तेव्हा जरा गंमत वाटली. उद्द्योतनसूरीने हा ग्रंथ शके ७०० संपायला एक दिवस उरला असताना, म्हणजे इ. स. ७७९ मध्ये, राजस्थानातील जालोर (जावालिपूर) येथे पूर्ण केला. तेथे त्या वेळी वत्सराजाचे राज्य होते. हा वत्सराज म्हणजे ज्यांना आपली पाठ्यपुस्तके 'गुर्जर-प्रतिहार' म्हणतात त्या घराण्याचा राजा, अर्थात आपल्या राष्ट्रकूटांचा वैरी. मराठी बोलीची इतकी जुनी साक्ष शत्रूच्या राज्यात नोंदली गेली, आणि तीही जैन महाराष्ट्री प्राकृतात.

ग्रंथ नीट पाहिला की आणखी एक गोष्ट लक्षात येते. त्या बाजारात मरहट्टाप्रमाणे गुर्जर व्यापारीही आहे. तुपालोण्यावर पोसलेला, धर्मपरायण, तह आणि तंटा दोन्हींत निपुण. (मरहट्ट मात्र बळकट, ठेंगणा, सावळा, सोशिक आणि अभिमानाने भांडणारा आहे. वर्गात हे सांगितले की हशा ठरलेला.) मारवाडचा, लाटेचा आणि माळव्याचा व्यापारी त्या यादीत वेगळा आहे. म्हणजे 'गुर्जर' हे तेथे एका प्रदेशाच्या माणसाचे नाव आहे. ग्रंथाच्या शेवटच्या प्रशस्तीतही 'गुर्जर देश' येतो, मंदिरांनी रमणीय झालेला. पण त्याच प्रशस्तीत उद्द्योतन आपल्या राजाचे नाव घेतो तेव्हा त्याला 'गुर्जर' म्हणत नाही. तो त्याला 'रणहस्ती' म्हणतो. प्रजेतला लेखक व्यापाऱ्याला जे नाव देतो ते राजाला देत नाही. गुर्जरांच्या इतिहासातील बराचसा गोंधळ या एका फरकात दडलेला आहे, असे मला वाटते.

'गुर्जर' हा शब्द इतिहासात प्रथम येतो तो सातव्या शतकात, आणि येतो तोही दुसऱ्यांच्या तोंडून. बाणभट्ट 'हर्षचरिता'त हर्षाचा पिता प्रभाकरवर्धन याला गुर्जरांचा 'प्रजागर' म्हणतो, म्हणजे गुर्जरांची झोप उडवणारा. इ. स. ६३४ च्या ऐहोळे प्रशस्तीत रविकीर्ती सांगतो की लाट, मालव आणि गुर्जर हे दुसऱ्या पुलकेशीच्या प्रतापाने असे नमले की जिंकलेल्या सामंतांनी कसे वागावे याचे जणू ते गुरूच झाले. ह्युएन त्संग या चिनी प्रवाशाने त्याच शतकात 'किउ-चे-लो' देशाची आणि 'पि-लो-मो-लो' या त्याच्या राजधानीची नोंद केली. हे भिल्लमाल, आजचे भीनमाळ. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये 'ब्रह्मस्फुटसिद्धान्त' येथेच रचला असे मानले जाते. नवव्या शतकातील अरबी वृत्तांतांत 'जुर्ज'चा राजा येतो, मोठ्या घोडदळाचा आणि अरबांचा शत्रू. त्याच वृत्तांतांत आपला राष्ट्रकूट राजा 'बल्हरा' म्हणून येतो. 'बल्हरा' म्हणजे वल्लभराज, राष्ट्रकूट स्वतःच मिरवत असलेली पदवी. राष्ट्रकूटांचे नाव अरबांना त्यांच्याकडूनच मिळाले. प्रतिहारांचे नाव मात्र बहुधा त्यांच्या शेजाऱ्यांकडून मिळाले असावे.

येथे साहित्याच्या अभ्यासकाने जरा थांबायला हवे. बाणाचे ते वाक्य एक लांबलचक समासमालिका आहे. तीत हूणांना हरीण, गांधाराला गंधहस्ती, लाटांना पाटव अशा नादांच्या जोड्या लावलेल्या आहेत. गुर्जराला 'प्रजागर' मिळाला तो 'जर'च्या नादासाठी. पुढे दहाव्या शतकात खजुराहोच्या लेखात चंदेल्लांचा कवी यशोवर्म्याला गुर्जरांचा 'संज्वर' म्हणतो. तेथेही तोच नाद आहे. 'गुर्जर' हा शब्द संस्कृत कवींच्या फार सोयीचा होता, आणि ज्वर, जागर, जर्जर हे सगळे शब्द त्याच्या आसपासच वावरत होते. आता याच बाणाच्या वाक्यात हूण आणि गुर्जर जवळजवळ येतात, याला काही इतिहासकारांनी वजन दिले आणि त्यातून गुर्जर हे हूणांबरोबर आलेले परकीय असावेत या तर्काला बळ मिळवले. अनुप्रासाच्या शेजारावरून वंशाचा शेजार सिद्ध करायचा तर त्याच वाक्यातले गांधार, लाट आणि मालवही हूणांचे भाऊबंद ठरतील.

या घराण्याचे स्वतःचे म्हणणे काय होते? कनौजच्या सम्राटांच्या लेखांत ते स्वतःला 'प्रतिहार' म्हणतात. प्रतिहार म्हणजे द्वारपाल. सम्राटपदाला पोचलेल्या घराण्याला हे नाव अडचणीचेच होते. ती अडचण त्यांच्या कवीने कशी सोडवली ते मिहिरभोजाच्या (सुमारे इ. स. ८३६ ते ८८५) ग्वाल्हेर प्रशस्तीत पाहावे. तेथे वंश रघूचा, आणि मूळपुरुष लक्ष्मण. मेघनादाशी झालेल्या युद्धात त्याने शत्रूचे 'प्रतिहरण' केले, म्हणून तो 'प्रतिहार'. दाराशी उभा राहणारा सेवक एका श्लेषात शत्रूला परतवणारा वीर होतो. जोधपूरच्या बाउकाच्या इ. स. ८३७ च्या लेखातही लक्ष्मण आहे, पण तो रामाचा द्वारपाल म्हणूनच आहे. शिवाय त्या शाखेचा ऐतिहासिक पूर्वज हरिचंद्र हा ब्राह्मण आणि त्याची राणी भद्रा क्षत्रिय, असेही तो लेख सांगतो. घराणे एकाच नावाचे, पण वंशकथा जुळत नाहीत.

आता याच शब्दावर दक्षिणेतून झालेला वार पाहा. अमोघवर्षाच्या शके ७९३ (इ. स. ८७१) च्या संजाण ताम्रपटात त्याचा पूर्वज दंतिदुर्ग याने उज्जैनला केलेल्या हिरण्यगर्भ महादानाचे वर्णन आहे. त्या प्रसंगी गुर्जरेश्वर आणि इतर राजे यांना त्याने 'प्रतिहार' केले, असे कवी म्हणतो. तुम्ही स्वतःला प्रतिहार म्हणवता ना, मग आमच्या दाराशी उभे राहा! भोज आणि अमोघवर्ष हे समकालीन. म्हणजे दोन दरबारांतले कवी काही दशकांच्या आत एकाच शब्दावर कोटी करीत होते. एकाने त्यातून लक्ष्मण काढला आणि दुसऱ्याने चौकीदार. उज्जैनच्या त्या समारंभात कोण प्रत्यक्ष दाराशी उभे होते हे आज ठरवणे अवघड आहे, कारण ताम्रपट घटनेनंतर शंभराहून अधिक वर्षांनी कोरलेला आहे. पण वैर किती चवीने जपले जात होते ते मात्र त्यातून स्वच्छ कळते. नाशिक जिल्ह्यातील वणी-दिंडोरीच्या गोविंद तिसऱ्याच्या ताम्रपटात हेच वैर आढळते. सहजासहजी मिळालेल्या गौडलक्ष्मीने माजलेल्या वत्सराजाला ध्रुव राजाने वाळवंटात पिटाळले, आणि गौडाकडून आणलेली त्याची दोन पांढरी छत्रे काढून घेतली. हाच तो आपल्या 'कुवलयमाले'चा रणहस्ती.

आपल्यासाठी या इतिहासातले सर्वांत रोचक पान मात्र दहाव्या शतकातले आहे. भोजाचा मुलगा महेंद्रपाल आणि नातू महीपाल यांच्या कनौजच्या दरबारात राजशेखर होता. 'कर्पूरमंजरी' आणि 'काव्यमीमांसा' यांचा कर्ता राजशेखर हा यायावर कुळातला. आपला पणजोबा अकालजलद याला तो महाराष्ट्राचा चूडामणी म्हणतो. वत्सगुल्माचे, म्हणजे आपल्या वाशीमचे, 'काव्यमीमांसे'तले कौतुक प्रसिद्धच आहे. हा महाराष्ट्रीय कवी 'बालभारत' नाटकात महीपालाचा गौरव करतो, तेव्हा त्याला रघुकुळातले मोती आणि आर्यावर्ताचा महाराजाधिराज म्हणतो. त्याने जिंकलेल्या देशांच्या यादीत तो 'कुंतल' घालतो, आणि महीपालाला कुंतलांचा 'कुठार' म्हणतो. कुंतल म्हणजे राष्ट्रकूटांचा प्रदेश. आमचा सोलापूर भागही त्याच परिसरातला. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, आजचे मळखेड, येथून गुलबर्ग्याच्या पलीकडे दीडेकशे किलोमीटरवर आहे. थोडक्यात, महाराष्ट्राच्या चूडामणीचा पणतू उत्तरेत बसून दक्षिणेवर कुऱ्हाड चालवत होता. अर्थात तीही अनुप्रासाचीच.

प्रत्यक्षात कुऱ्हाड पडली ती उलट्या दिशेने. राष्ट्रकूट इंद्र तिसरा याने इ. स. ९१६ च्या सुमारास कनौजवर स्वारी केली. त्याच्या नातवंडांच्या नव्हे, मुलाच्याच काळातल्या, म्हणजे गोविंद चौथ्याच्या इ. स. ९३० च्या खंबायत ताम्रपटात तिचे वर्णन आहे. हत्तींनी कालप्रियाचे अंगण दातांनी खडबडीत केले, घोड्यांनी यमुना ओलांडली आणि नगर उद्ध्वस्त झाले. या स्वारीत वेमुलवाडच्या चालुक्यांचा नरसिंह हा राष्ट्रकूटांचा मांडलिक होता. त्याच्या वंशजाच्या दरबारातल्या पंप कवीने इ. स. ९४१ मध्ये कन्नडात 'विक्रमार्जुनविजय' लिहिले, आणि पळणाऱ्या महीपालाचा उल्लेख 'गुर्जरराज' असा केला. राजा एकच आणि काळही एकच. कनौजचा कवी त्याला रघुवंशाचे मोती म्हणतो आणि दक्षिणेतला कवी गुर्जर म्हणतो. राजशेखराने महीपालाला एकदाही 'गुर्जर' म्हटलेले नाही. त्याला तो शब्द ठाऊक नव्हता असे थोडेच?

यावरून मी असे म्हणेन की प्रतिहारांच्या संदर्भात 'गुर्जर' हा शब्द मुख्यतः शेजाऱ्यांनी, त्यातही दख्खनी शेजाऱ्यांनी दिलेला आणि टिकवलेला आहे. तो अवमानकारकच होता असे नाही. आपणही 'बंगाली', 'मद्रासी' म्हणतोच. पण तो स्वतः घेतलेला नाही. त्यात प्रदेश किती आणि जमात किती, हे कवींच्या वाक्यांतून मोजून काढता येणार नाही.

विसाव्या शतकातल्या संशोधकांनी नेमके तेच मोजायचा प्रयत्न केला. त्यातली प्रमुख लढत दोन मराठी माणसांची होती. देवदत्त रामकृष्ण भांडारकरांनी शतकाच्या आरंभीच मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात गुर्जरांवर निबंध लिहिला. १९११ मध्ये 'इंडियन अँटिक्वेरी'त हिंदू समाजातील परकीय घटकांविषयीचे त्यांचे प्रसिद्ध विवेचन आले. हूणांच्या पाठोपाठ गुर्जर इतिहासात दिसू लागतात, म्हणून ते बाहेरून आले. प्रतिहार हे गुर्जर, आणि पुढचे कित्येक राजपूतही त्याच मुळातले. असा तो विचार होता. हिंदू समाज पूर्वी परकीयांना पोटात घेऊ शकत होता, हे त्यातले सामाजिक सूत्र. सुधारकाच्या घरात वाढलेल्या माणसाला ते जवळचे वाटले असल्यास नवल नाही. विरुद्ध बाजूला चिंतामण विनायक वैद्य उभे राहिले. मध्ययुगीन हिंदू राज्यांच्या इतिहासाच्या तीन खंडांत (१९२१ ते १९२६) त्यांनी हे परकीयत्व साफ नाकारले. एखादे नाव उशिरा दिसते म्हणून माणसेही उशिरा आली असे होत नाही, हा त्यांचा आक्षेप आजही बिनतोड आहे. पण तेवढ्यावर न थांबता त्यांनी रिस्लेच्या नाक मोजण्याच्या शास्त्राचा आधार घेऊन गुजरांना आर्य ठरवले. आज ते वाचताना ओशाळायला होते. भांडारकरांना समाज मिसळलेला दाखवायचा होता, वैद्यांना तो शुद्ध दाखवायचा होता. दोघांच्याही हाती तेच दहा-बारा श्लोक होते. संजाणचा ताम्रपट 'एपिग्राफिया इंडिका'त संपादित केला तोही भांडारकरांनीच, हे येथे सांगायला हवे. पुढे रमेशचंद्र मजुमदारांनी गुर्जरत्वाची बाजू घेतली, तर कन्हैयालाल मुनशींनी 'गुर्जर' हे देशनाम आहे असे आग्रहाने मांडले. मुनशींच्या आग्रहामागे गुजरातची अस्मिता होती, तरी 'कुवलयमाला' त्यांच्याच बाजूने साक्ष देते.

माझ्या म्हणण्याला बाध आणणारे पुरावे आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. भडोचजवळच्या नांदीपुरीचे एक जुने घराणे होते. त्यातील दद्द दुसरा सातव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या आपल्या खेडा ताम्रपटांत स्वतःचा वंश गुर्जर राजांचा म्हणून सांगतो. हे लेख आपल्या वा. वि. मिराशींनी कलचुरी संवताच्या लेखसंग्रहात (१९५५) संपादित केलेले आहेत. म्हणजे 'गुर्जर' हे नाव स्वतःहून घेणारे राजेही होते. पण पुढे काय झाले? त्याच घराण्यातल्या तिसऱ्या जयभटाच्या लेखात, आठव्या शतकाच्या आरंभी, गुर्जर नाव मागे पडते आणि वंश महाभारतातल्या कर्णापासून सुरू होतो. चार-पाच पिढ्यांत घराण्याला पुराणातला पूर्वज लाभला.

दुसरा पुरावा अलवरजवळच्या राजोरचा, इ. स. ९५९ चा. मथनदेव नावाचा सामंत तेथे स्वतःला 'गुर्जर-प्रतिहार' अन्वयाचा म्हणवतो. 'गुर्जर-प्रतिहार' हा जोडशब्द इतिहासाच्या पुस्तकांत आला तो मुख्यतः या लेखाच्या बळावर. त्याचा अर्थ गुर्जर जमातीतले प्रतिहार, की गुर्जर देशातले प्रतिहार, यावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. मला त्या लेखातला दुसरा उल्लेख अधिक महत्त्वाचा वाटतो. दान दिलेल्या गावाच्या संदर्भात तेथे गुर्जरांनी कसलेल्या शेतांचा निर्देश आहे. एका लेखात गुर्जर राजाही आहे आणि गुर्जर नांगऱ्याही आहे. राजाच्या वंशाला शब्द पुरवायला कवी होता. शेतात राबणाऱ्या गुर्जरांना कोणी लक्ष्मणापर्यंत नेले नाही की कर्णापर्यंत. ती माणसे गुर्जरच राहिली.

हे सारे जुने कागद चाळण्याचे कारण तसे जुने नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये उत्तर प्रदेशातील दादरी आणि मध्य प्रदेशातील ग्वाल्हेर येथे मिहिरभोजाच्या पुतळ्यांवरून वाद पेटला. नामफलकावर 'गुर्जर' हा शब्द असावा की नसावा, एवढाच मुद्दा होता. दादरीत त्या शब्दाला काळे फासले गेले आणि ग्वाल्हेरचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले. दोन समाज एका राजावर हक्क सांगत होते, आणि दोघांकडेही शिलालेखांतले उतारे होते. ते उतारे खोटे नव्हते. पण ते प्रशस्तीतले होते, आणि प्रशस्ती हा काव्यप्रकार आहे, जातीचा दाखला नव्हे, हे सांगणारे तेथे कोणी नव्हते. श्लेष आणि अनुप्रास परीक्षेपुरते शिकवणाऱ्या आम्हा भाषाशिक्षकांचेही त्यात थोडे अपयश आहे. अकराशे वर्षांपूर्वीची कोटी न कळता आज माणसे एकमेकांवर धावून जातात.

मराठीत तर हा शब्द किती अंगांनी नांदतो! कुडतोजी, म्हणजे प्रतापराव गुजर, २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत पडले. त्यांचे आडनाव गुजर, पण ते मराठे नव्हते असे म्हणण्याची कोणाची छाती नाही. खानदेशात शहादा, तळोदा आणि जळगावकडे गुजर म्हणजे शेतकरी. रेवे गुजर आपले नाव रेवेशी, म्हणजे नर्मदेशी जोडतात, आणि घरात बोलतात ती गुजरी बोली. दोडे गुजर वेगळे. या माणसांना कनौजच्या सिंहासनाशी जोडण्यापेक्षा राजोरच्या त्या शेतांशी जोडावेसे मला वाटते. तोही शेवटी तर्कच. आमच्या सोलापूर-फलटण भागात मात्र 'गुजर' म्हटले की जुन्या माणसाच्या डोळ्यांसमोर नांगर येत नाही, पेढी येते. गुजरातेतून आलेले दिगंबर जैन व्यापारी ते गुजर. उद्द्योतनाच्या बाजारातलाच अर्थ येथे हजारबाराशे वर्षे टिकलेला दिसतो.

शके ९४० मध्ये, म्हणजे इ. स. १०१८ मध्ये, आमच्या भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग-कुडलच्या मंदिरात कोणीतरी मराठी ओळ कोरली. आनंद कुंभार यांनी ती उजेडात आणली. त्याच वर्षाच्या अखेरीस गझनीच्या महमूदाने कनौज लुटले आणि प्रतिहारांचे उरलेसुरले वैभव संपले. नंतर 'गुर्जर' हे नाव अणहिलवाडच्या चालुक्यांकडे आणि वाघेल्यांकडे गेले. देवगिरीचा सिंघण त्यांच्यावर चालून गेला तेव्हा गुजरातेत उडालेली घबराट सोमेश्वराने 'कीर्तिकौमुदी'त वर्णिली आहे. तोवर हे नाव प्रदेशाचे म्हणून पक्के झाले होते.

'कुवलयमाले'ची चिकित्सक प्रत सिंघी जैन ग्रंथमालेत १९५९ मध्ये निघाली. संपादक होते आ. ने. उपाध्ये, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवणारे. हेच उपाध्ये हिरालाल जैन यांच्यासह सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेचे प्रधान संपादक होते. ती ग्रंथमाला उभी राहिली ती सोलापूरच्या जीवराज गौतमचंद दोशी यांच्या दानातून. तिचा पहिला ग्रंथ 'तिलोयपण्णत्ती' १९४३ मध्ये निघाला. सोलापुरातल्या जुन्या बोलीत या दोशींच्या समाजालाही गुजरच म्हणत. पुढच्या वर्षी वर्गात मरहट्ट व्यापाऱ्याच्या वाट्याची दोन रूपे फळ्यावर लिहीन तेव्हा शेजारच्या गुर्जराचेही वर्णन लिहायचे ठरवले आहे. त्याला पुरेल एवढी जागा फळ्यावर आहे.